वाट पाहणाऱ्याचे वजन शून्य

बिटकॉइनच्या नावाने आपल्याकडे जी भाषणे झोडली जातात, त्यांतले एक वाक्य मला आता ऐकवत नाही: मध्ये कुणी नाही. बँक नाही, दलाल नाही, साहेबाची सही नाही. तुमचे पैसे थेट तुमच्या माणसाच्या हातात. हे धादांत खोटे आहे. मध्ये मायनर आहे. कुणाचा व्यवहार आत घ्यायचा आणि कुणाचा दाराबाहेर ठेवायचा, हे तो ठरवतो, आणि ते ठरवायला त्याच्याकडे एकच माप आहे: व्यवहाराच्या दर बाइटमागे त्याच्या हातावर किती टेकवले. तुमची निकड, तुम्ही किती तास थांबलात, रक्कम औषधाची की जुगाराची, यातले काहीही त्याला दिसत नाही. दिसावे अशी सोयही कुणी ठेवलेली नाही.

हे मी पोळून लिहिते आहे. मी चित्रे काढते. पोलंडमधल्या एका छोट्या गटाच्या गेमसाठी काही वर्षे काम केले; दर खेपेला सहा-साडेसहा हजार रुपये मिळत. एवढीशी रक्कम बँकेतून मागवली की दोन्हीकडच्या बँका आपापला वाटा कापून घेत, म्हणून त्यांनी बिटकॉइन सुचवले आणि मी आनंदाने हो म्हटले. त्या काळात मी स्वतः ओळखीच्या चार कलावंतांना गळ घातली होती की तुम्हीही असेच पैसे घ्या. त्याची मला आजही बोच आहे.

मे २०२३ मध्ये गावच्या घराची शाकारणी काढली होती. पडवीवरची कौले उतरवून पत्रे घालायचे ठरले. वासे बदलून झाले, रिपा मारून झाल्या, आणि सुतार रोज सकाळी येऊन एकच विचारायचा, ‘पत्रे कधी?’ कोकणात मे महिन्यात उघडे छप्पर घेऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यात मृगाशिवाय दुसरे काही नसते. पत्र्यांच्या व्यापाऱ्याने स्वच्छ सांगितले, ‘ताई, आगाऊ रक्कम जमा झाली की गाडी भरतो. त्याआधी नाही.’ त्याचे काही चूक नव्हते. माझ्या वॉलेटात अकरा खेपांचे मिळून सत्तर हजारांच्या वर जमले होते. ते एक्स्चेंजकडे पाठवायचे, विकायचे, रुपये बँकेत आणि तिथून व्यापाऱ्याला. ८ मे, सोमवार. दुपारपर्यंत होईल, असे मी वडिलांना सांगून टाकले.

मागच्या खेपेला व्हर्च्युअल बाइटमागे, म्हणजे व्यवहाराच्या आकाराच्या एककामागे, २० सातोशी शुल्क लावले होते, ते तासाभरात पार पडले होते. तोच आकडा ठेवला. एक बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी. त्या दिवसांतल्या भावाने एक सातोशी म्हणजे साधारण सव्वादोन पैसे. ‘पाठवा’ दाबले. पडद्यावर करड्या अक्षरांत शब्द उमटला: अनकन्फर्म्ड. अर्ध्या तासाने तोच शब्द. जेवणे झाली, तोच शब्द. मग मी ताज्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मायनरने नुकत्याच आत घेतलेल्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात, काय गेले ते उघडून पाहिले. आत गेलेल्यांचे दर तीनशे, साडेतीनशे, चारशे. माझे वीस. आणि माझ्यासारखे बाहेर उभे असलेले व्यवहार चार लाखांहून जास्त.

ही गर्दी कशाने झाली होती? ती युद्धाने झाली नव्हती, बुडणाऱ्या बँकांतून पैसे काढायला धावलेल्यांनीही केली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये केसी रोडारमोर या प्रोग्रॅमरने ऑर्डिनल्स नावाची पद्धत आणली; बिटकॉइनच्या व्यवहारातच चित्र किंवा मजकूर कोरून ठेवायची. मार्चमध्ये तिच्यावर बीआरसी-२० ही टोकनांची टूम उभी राहिली, आणि मेमध्ये ऑर्डी, पेपे अशा नावांची टोकने पाडून घ्यायला जगभरचे सट्टेबाज तुटून पडले. एकेक टोकन म्हणजे ब्लॉकमध्ये लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी. त्या चिठ्ठीसाठी ते तीनशे सातोशी मोजायला तयार होते, कारण उद्या ती दहापट भावाने विकायची होती. मी वीस मोजले होते, कारण मला पत्रे घ्यायचे होते. मायनरच्या दाराशी ते आत आणि मी बाहेर. बायनान्ससारख्या सगळ्यांत मोठ्या एक्स्चेंजलाही त्याच सुमारास बिटकॉइन काढून घेण्याची सोय दोनदा थांबवावी लागली. त्यांनी लावलेल्या शुल्कालाही मायनर हात लावीनात. ज्यांच्याकडे अभियंत्यांच्या फौजा आहेत त्यांचे घोडे जिथे अडले, तिथे चित्रे काढणाऱ्या बाईला ‘तुम्ही फी नीट बघायला हवी होती’ असे सुनावणारे लोक मला भेटले. त्यांना मी तेव्हाही क्षमा केली नाही आणि आजही करत नाही.

आता खरी मेख सांगते, कारण ती बिटकॉइन शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात सांगत नाहीत. शुल्क रकमेवर लागत नाही, आकारावर लागते. बिटकॉइनमध्ये तुमची शिल्लक असा एक आकडा कुठे नसतो. प्रत्येक वेळी आलेली रक्कम हे वेगळे नाणे म्हणून पडून राहते, आणि खर्च करताना प्रत्येक नाण्यासाठी वेगळी सही जोडावी लागते. सही म्हणजे बाइट, आणि बाइट म्हणजे शुल्क. आजच्या नेहमीच्या पत्त्यावरचे एक नाणे मोडायला साधारण ६८ व्हर्च्युअल बाइट लागतात. माझी अकरा नाणी होती. सगळा व्यवहार ८२० च्या आसपास गेला. ज्याच्याकडे एकच गठ्ठा नाणे आहे आणि जो त्यातून कुणाला काही देऊन उरलेले परत घेतो, त्याचा व्यवहार १४१ चा. तीनशेच्या दराने मला आत जायचे तर साडेपाच हजारांच्या वर पडत होते. तेवढ्याच दराने पाचशे बिटकॉइन हलवणाऱ्या धनाढ्याला हजार रुपयेही पडत नव्हते.

हे दोन आकडे शेजारी मांडून शांतपणे पाहा. त्याची रक्कम शंभर कोटींच्या वर, माझी सत्तर हजार. माझे भाडे त्याच्या जवळपास सहापट. का? तर मला पैसे थोडे थोडे मिळाले होते, म्हणून. ज्याला पगार एकगठ्ठा मिळत नाही, ज्याची कमाई खेपेखेपेने, तुकड्यातुकड्याने येते, त्याच्याकडून ही व्यवस्था जास्त वसूल करते. हातगाडीवाला, शिंपी, शिकवण्या घेणारी बाई, भाजी विकणारी, अशा सगळ्यांची कमाई चिल्लरीची असते. आणि नेमके याच लोकांचे नाव घेऊन ही व्यवस्था विकली जाते: बँकेने ज्यांना उभे केले नाही त्यांच्यासाठी!

अजून एक पायरी खाली उतरा. ६८ बाइट, तीनशेचा दर: एक नाणे मोडायचा खर्च साधारण ४६० रुपये. म्हणजे त्या सोमवारी ज्याच्याकडे चारशे रुपयांचे नाणे होते, त्याच्याकडे काहीच नव्हते. पडद्यावर आकडा दिसत होता, चावी त्याच्या खिशात होती, तरी ते नाणे त्याला वापरता येत नव्हते; वापरायला गेला असता तर पदरचे साठ घालावे लागले असते. बँकेने कुणाच्या खात्यातले चारशे रुपये असे गिळले असते, तर आपण मोर्चे काढले असते. इथे त्याला ‘बाजारभाव’ म्हणतात आणि गप्प बसतात.

सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी जो नऊ पानी निबंध आला, त्याची सुरुवातच मुळी या तक्रारीने होते की मध्यस्थामुळे व्यवहाराचा खर्च वाढतो आणि लहान, सहज केलेले व्यवहार अशक्य होतात. ही तक्रार खरी होती. माझीही तीच होती, म्हणून तर मी पोलंडहून बिटकॉइन घेतले. पण त्याच निबंधात पुढे हेही लिहिले आहे की नव्या नाण्यांचे बक्षीस संपत गेले की मायनरचा मोबदला पूर्णपणे शुल्कावर येऊ शकेल. लहान व्यवहारांची कैफियत मांडणाऱ्या कागदातच त्या व्यवहारांना हुसकून लावणारी तरतूद होती. बक्षीस २००९ मध्ये ब्लॉकमागे ५० बिटकॉइन होते. ते दर चार वर्षांच्या आसपास निम्मे होत २० एप्रिल २०२४ ला ३.१२५ वर आले. उरलेली भरपाई कुणाच्या खिशातून व्हायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले आहे.

आणि एक गोष्ट आज कुणी आठवत नाही, म्हणून मी ती मुद्दाम सविस्तर सांगते. सुरुवातीच्या काळात वाट पाहण्यालाही वजन होते. बिटकॉइन कोअर हा जो मुख्य प्रोग्रॅम आहे, त्यात एक हिशेब असे: नाण्याची किंमत गुणिले ते किती काळ न हलता पडून आहे, भागिले व्यवहाराचा आकार. एका बिटकॉइनचे नाणे, एक दिवस पडून राहिलेले, अडीचशे बाइटांचा व्यवहार, एवढे असले की तो व्यवहार प्राधान्याचा ठरे. ब्लॉकमधली ५० हजार बाइटांची जागा, म्हणजे दहा लाखांतला विसावा हिस्सा, अशा व्यवहारांसाठी राखून ठेवलेली असे. तिथे शुल्काची अट नव्हती. या हिशेबातही मोठ्या नाण्याला झुकते माप होते, हे मला दिसते. तरी त्यात काळ मोजला जात होता. आज तुमचा नंबर लागला नाही तर उद्या तुमचे वजन थोडे वाढलेले असे, परवा आणखी. लहान नाणेसुद्धा पडून पडून कधीतरी उंबरठा ओलांडू शके.

२०१६ मध्ये ०.१२ या आवृत्तीत ती राखीव जागा मूळ सेटिंगमध्येच शून्यावर आणली गेली, आणि २०१७ मध्ये ०.१५ मध्ये तो हिशेबच प्रोग्रॅममधून उपटून टाकला. हिशेब किचकट, देखभालीला त्रासदायक, मायनर तसेही पाळत नाहीत, ही कारणे असतील आणि तांत्रिकदृष्ट्या ती पटणारीही असतील. पण जे गेले त्याचे नाव घ्या ना! रांगेत उभे राहण्याचा हक्क गेला. त्यानंतर बिटकॉइनमध्ये रांग उरली नाही, बोली उरली. बोलीत दोन तास उभ्या असलेल्याला दोन मिनिटांपूर्वी आलेला खुशाल ढकलून पुढे जातो, आणि ढकलणाऱ्याला कुणी अडवत नाही.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. तिथेही पैसेवाल्याचीच सरशी होते, हे लहानपणापासून पाहिले आहे. पण तिथे बोली लावणारा समोर उभा असतो, भाव मोठ्याने पुकारला जातो, आणि न परवडणारी बाई पापलेट सोडून बांगडा घेऊन घरी जाते. बिटकॉइनच्या लिलावात न परवडणाऱ्याला घरी जायची सोय नाही. तो मासळी घ्यायला आलेलाच नाही. त्याला स्वतःचेच पैसे हलवायचे आहेत आणि दुसरा रस्ता नाही. शिवाय इथे सगळ्या बोली पुकारल्याही जात नाहीत. वायाबीटीसीसारखे मायनिंग पूल, म्हणजे मायनरांचे गट, ‘अ‍ॅक्सिलरेटर’ चालवतात: त्यांना वेगळे पैसे पोचते करा, तुमचा अडकलेला व्यवहार ते आपल्या ब्लॉकमध्ये घेतील. बाहेरून पाहणाऱ्याला त्या व्यवहाराचा दर कमीच दिसतो, कारण खरी रक्कम मागच्या दाराने गेलेली असते. सरकारी कचेरीत टेबलाखालून दिलेल्या पैशाला आपण जे नाव देतो, तेच नाव याला द्यायला मी कचरणार नाही.

हे पूल म्हणजे तरी कोण? घरोघरी यंत्र लावून बसलेले लाखो मायनर आपला कौल देतात, असे चित्र रंगवतात. यंत्रे पुष्कळांची असतील. पण ब्लॉकमध्ये कोणते व्यवहार भरायचे ती यादी बहुतेक वेळा पूल चालवणारा बनवतो, आणि पूल हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आहेत. २०१४ मध्ये जीहॅश या एकट्या पूलकडे निम्म्याहून अधिक ताकद गेली होती. मे २०२१ मध्ये मॅरेथॉन या अमेरिकी कंपनीने जाहीरपणे असे ब्लॉक काढले की ज्यात अमेरिकी निर्बंधांच्या यादीला न चालणारे व्यवहार घ्यायचे नाहीत. आरडाओरडा झाल्यावर महिनाअखेरीला माघार घेतली. माघार घेतली हे चांगले. पण माघार घ्यावी लागते त्याअर्थी दार होते, दारावर माणूस होता आणि त्याच्या हातात यादी होती. ‘मध्ये कुणी नाही’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

कन्फर्मेशनच्या, म्हणजे व्यवहार पक्का होण्याच्या, वेळेबद्दलही असेच अर्धे सांगतात. दहा मिनिटांत ब्लॉक येतो, असे फळ्यावर लिहितात. दहा ही सरासरी आहे, वेळापत्रक नाही. ब्लॉक सापडणे हा निव्वळ योगायोगाचा खेळ असल्यामुळे वीस मिनिटे थांबलात म्हणून पुढचा ब्लॉक जवळ आला असे होत नाही. त्या क्षणी पुन्हा सरासरी दहा मिनिटेच उरलेली असतात. साधे गणित करून पाहिले तर तासभर एकही ब्लॉक न येण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांत एकदा येते. यंत्रे बंद पडली तर आणखी हाल. २०२१ च्या उन्हाळ्यात चीनने मायनिंगवर बंदी घातली, यंत्रांची ताकद निम्म्यावर आली आणि ३ जुलैला ब्लॉक शोधण्याच्या अवघडपणाचा आकडा जवळपास २८ टक्क्यांनी खाली आणावा लागला. म्हणजे त्याआधीच्या २,०१६ ब्लॉकांची सरासरी चौदा मिनिटांच्या घरात गेली होती. आणि हे सगळे भरपूर बोली लावणाऱ्याचे. ज्याची बोली कमी, त्याला कसलीही सरासरी लागू नाही. त्याचा व्यवहार तासाने जाईल, आठवड्याने जाईल किंवा दोन आठवड्यांनी मेमपूलमधून, म्हणजे थांबलेल्या व्यवहारांच्या साठ्यातून, गळून पडेल.

इथिरियम ही बिटकॉइनसारखीच दुसरी मोठी व्यवस्था; तिच्या चाहत्यांनीही फार खूश व्हायचे कारण नाही. १२ मार्च २०२० चा दिवस त्यांना आठवत असेल. करोनाच्या धास्तीने बाजार कोसळला, इथर या इथिरियमच्या नाण्याचा भाव एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त पडला आणि जो तो आपले व्यवहार पुढे दामटू लागला. मेकरडाओ नावाच्या व्यवस्थेत लोकांनी इथर तारण ठेवून कर्जे काढली होती. तारणाचा भाव पडला की ते लिलावात विकून कर्ज फेडायचे, हा नियम. लिलाव सुरू झाले, पण बोली लावणाऱ्यांचे व्यवहारच गर्दीत अडकून पडले. गॅसचा, म्हणजे तिथल्या शुल्काचा, दर इतका चढला होता की त्यांच्या प्रोग्रॅमांनी लावलेले शुल्क मायनरच्या खिजगणतीत नव्हते. ज्यांनी भरपूर शुल्क मोजले त्या थोड्यांनी मैदान मोकळे पाहिले आणि शून्याची बोली लावली. शून्य! ८० लाख डॉलरहून जास्त किमतीचे तारण फुकटात उचलले गेले. कर्जदारांनी घर चालवायला ठेवलेली गाय बाजारात नेली, आणि खरेदीदारांना बाजाराच्या फाटकातच अडवल्यामुळे आत असलेल्या एकाने ती दावणीसकट नेली. नियम कुणी मोडला नाही, हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये इथिरियमने मायनर काढून व्हॅलिडेटर आणले. व्यवहारांचा क्रम लावण्याची सत्ता आणि त्या क्रमातून पैसा काढण्याचा धंदा मात्र चालूच आहे.

लहानांची चूक आणि मोठ्यांची चूक यांना इथे वेगवेगळा न्याय मिळतो, याचा एक दाखला देते. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सोस या अमेरिकी कंपनीकडून दोन हजार डॉलरच्या आसपासची रक्कम पाठवताना चुकून १९.८ बिटकॉइन, म्हणजे सुमारे पाच लाख डॉलर, शुल्क लागले. ज्या एफटूपूलला तो ब्लॉक मिळाला, त्याने ते पैसे कंपनीला परत केले. चांगले केले. पण मी, माझे चारशे-पाचशे रुपये चुकून जास्त गेले म्हणून, कुठल्या पूलच्या दारात जाऊ? माझे नाव कुणी विचारेल का?

‘जागा मर्यादित आहे, म्हणून किंमत लागणारच’ हा एक युक्तिवाद मी गंभीरपणे घेते. जागा खरोखरच मर्यादित आहे. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, प्रत्येकात दहा लाख व्हर्च्युअल बाइट. सगळे व्यवहार त्या १४१ च्या आकाराचे धरले तरी साऱ्या जगासाठी दिवसाला दहा लाखांच्या आसपास. एकट्या यूपीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. फुकट ठेवले तर कुणीही कचरा टाकून ती इवलीशी जागा भरून टाकेल, हेही खरे. ठीक आहे, किंमत लावा. पण मग ते मोठ्या रकमांचे, क्वचित करायचे, महागडे साधन आहे असे म्हणा आणि गरिबाचे नाव सोडा. दोन्ही तोंडांनी बोलू नका. डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी शुल्क पन्नास डॉलरच्या वर गेले, पण त्याआधीच, त्याच महिन्यात, स्टीम या गेमच्या दुकानाने बिटकॉइन घेणे बंद केले. सुरुवातीला २० सेंट असलेले शुल्क २० डॉलरवर गेल्याचे त्यांनीच सांगितले होते. पुढच्या महिन्यात मायामीत भरलेल्या खुद्द बिटकॉइन परिषदेने शेवटच्या क्षणीच्या तिकिटांसाठी बिटकॉइन घेणे थांबवले. स्वतःच्या मांडवात स्वतःचे नाणे चालेना. हे सगळे होऊन गेल्यावरही वर्ग चालवणारे तीच टेप वाजवतात.

दुसरे उत्तर असते लाइटनिंगचे: लहान व्यवहार त्या वरच्या थरावर करा. पण तो थर वापरायला चॅनेल उघडावे लागते, आणि चॅनेल उघडणे हा त्याच लिलावातला व्यवहार आहे. ज्याला ते परवडत नाही तो कुणाच्या तरी अ‍ॅपमध्ये पैसे ठेवतो, म्हणजे पुन्हा कुणा बँकेच्या ओसरीवर येतो. एल साल्वाडोरने ७ सप्टेंबर २०२१ ला बिटकॉइनला अधिकृत चलन केले तेव्हा लोकांच्या हाती सरकारचे चिवो वॉलेट दिले. चावी सरकारकडे.

आणि शांत दिवशी दर एका सातोशीवर येतो, हे तिसरे उत्तर. येतो, मला माहीत आहे. कुणालाच जायचे नसते तेव्हा दार उघडे असते. २० एप्रिल २०२४ ला, ८,४०,००० क्रमांकाच्या ब्लॉकवर रून्स नावाची नवी टोकने सुरू झाली, तेव्हा त्या एकाच ब्लॉकमध्ये ३७ बिटकॉइनहून जास्त शुल्क जमले आणि त्या दिवसाचे सरासरी शुल्क १०० डॉलरच्या पलीकडे गेले. ज्याची गरज नेमकी त्या दिवशी उभी राहिली, त्याला शांत दिवसाची कहाणी सांगायला जाणाऱ्याने आधी पायताण सांभाळावे.

माझ्या पत्र्यांचे काय झाले? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकांनी विचारले, ‘किती अडलेत गो?’ मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला आणि साठ हजार माझ्या खात्यावर पाठवले. त्यांच्या फोनने टिंग केले, माझ्या फोनने टिंग केले. गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी दारात. यूपीआय काही स्वर्गातून उतरलेले नाही. तेही बंद पडते, त्याचा खर्च सरकार आणि बँका उचलतात, आणि त्यात बँक प्रत्येक व्यवहार पाहते, हे मला कळते. पण त्यात काकांना कुणाच्या पुढे जाण्यासाठी बोली लावावी लागली नाही. चौथ्या दिवशी, गर्दी थोडी ओसरल्यावर, मी माझ्या व्यवहाराची बोली १२० वर नेली, बावीसशेच्या आसपास रुपये मायनरला दिले, आणि मग कुठे तो आत गेला. आपल्या आयकर कायद्यात या नाण्यांच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा होत नाही. म्हणजे ते बावीसशे कुणाच्या हिशेबात धरायला जागाच नाही.

मायनर काय करतो याच्या अज्ञानावर आपल्याकडे किती घरे बुडाली आहेत! गेनबिटकॉइनवाल्यांनी मायनिंगच्या नावाने दरमहा १० टक्के, १८ महिने देऊ असे सांगून हजारो लोकांना नाडले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्या प्रकरणात अटका केल्या. त्या लोकांना मायनर नेमके काय करतो हे कुणी एकदा तरी समजावले असते, तर त्यांनी निदान दोन प्रश्न विचारले असते. त्यानंतरही तालुक्यातालुक्याच्या सभागृहांत प्रोजेक्टर लागतात, चहा-बिस्किटे फिरतात, आणि कोट घातलेला तरुण सांगतो की मध्ये कुणी नाही.

माझा भाचा अशा एका वर्गाला जाऊन आला. आंब्याच्या हंगामात पेट्या भरून त्याने कमावलेले पैसे, दर आठवड्याला पाचशेचे बिटकॉइन घ्यायचे आणि ‘एक्स्चेंजवर ठेवायचे नाही, लगेच आपल्या वॉलेटात काढायचे’ असा सल्ला घेऊन आला होता. मी लाइट बिलाच्या पाठीमागे त्याच्यासमोर हिशेब मांडला. आठवड्याला एक नाणे, वर्षाला बावन्न नाणी. मोडायला प्रत्येकी ६८ बाइट. बावन्न गुणिले ६८: ३,५३६. गर्दीच्या दिवशीचा तीनशेचा दर लाव म्हटले, सातोशीला सव्वादोन पैसे धर. त्याने फोनवर गुणाकार केला, मग पुन्हा केला. चोवीस हजारांच्या जवळ उत्तर आले. वर्षाची बचत सव्वीस हजार. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘मावशी, सरांनी बाइट हा शब्दच काढला नव्हता.’

पुढच्या रविवारी तोच वर्ग पुन्हा आहे. नाव नोंदवून आले आहे. ते लाइट बिल घडी घालून पर्समध्ये ठेवले आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत दोन आकडे लिहिले आहेत, ८२० आणि १४१. चहा फिरायच्या आधी मी उभी राहणार आहे.